लिथियमची गोळी: बारा वर्षं घेतल्यावर

मी मिरजेत ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, दोन मशीन आहेत, हाताखाली माझी भाची असते. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर उडतं, कधी फार खाली जातं असा आजार. २०१३ पासून मी लिथियम कार्बोनेटची गोळी घेते. ही गोळी ज्याला नवीन सुरू होते तो माणूस पहिल्या रात्री मोबाइल घेऊन तिच्याबद्दल शोधत बसतो. मीही बसले होते. मराठीत वापरणाऱ्या माणसानं लिहिलेलं काही मला तेव्हा सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जो डोस सांगेन तो माझा आहे, तुमचा तुमचे डॉक्टर ठरवतील.

सुरुवातीलाच महत्त्वाचं सांगून टाकते. ही गोळी नुसती गोळी म्हणून घ्यायची नसते. पाणी, मीठ आणि रक्ताची तपासणी ही तिन्ही त्या औषधातच धरायची. मला हे समजायला सहा वर्षं लागली आणि तेही दवाखान्यात पडल्यावर समजलं.

गुण आधी सांगते, कारण गुण नसता तर बारा वर्षं कुणी घेतली नसती.

तीन वर्षं नियमित घेतल्यावर २०१६ मध्ये मी गोळ्या सोडल्या. अंग सुटलं होतं, हाताला कंप होता, आणि मुख्य म्हणजे तीन वर्षांत काहीच झालं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बरी झालीस की आता. कशाला त्या गोळ्या खातेस?" मलाही तेच ऐकायचं होतं. डॉक्टरबाईंना नाही विचारलं, आमच्या ह्यांनाही नाही सांगितलं. रोजच्या गोळ्या पाकिटातून काढायच्या आणि मोरीत टाकायच्या.

सात आठवडे छान गेले. मग झोप कमी झाली. तीन तास झोपून मी ताजीतवानी उठायची आणि मला वाटायचं, हीच खरी मी, इतके दिवस गोळ्यांनी दाबून ठेवली होती. इचलकरंजीला जाऊन चाळीस तागे उधारीवर उचलून आणले. व्यापारी ओळखीचा, माझा शब्द खात्रीचा, त्यानं दिले. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. एका रात्री गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाउज कापले. सगळे एकाच मापावर. माप घ्यायची गरज नाही, मला माणूस डोळ्यांनी कळतो, असं मी ह्यांना रात्री दोन वाजता ओरडून सांगत होते. त्यात एका नवरीच्या शालूचा ब्लाउजपीस होता. तो कुणाच्याच मापाचा राहिला नाही. तिची आई दारात उभी राहून रडली, ते मला अजून दिसतं.

त्यानंतरचे चार महिने मशीनवर धूळ होती. अंथरुणातून उठवायचं नाही. जगू नये असं रोज वाटायचं. तागे फेडायला ह्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं, ते त्यांनी मला वर्षभर कळू दिलं नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. ही क्रोसीनसारखी नाही, घेतली आणि तासाभरात उतार पडला असं होत नाही. मला फरक कळायला दोन-तीन आठवडे गेले, आणि तेवढ्या काळापुरती झोपेची दुसरी गोळी दिली होती. पण नंतर जे झालं ते शिवणकामाच्या भाषेत सांगायचं तर धाग्याचा ताण नीट बसला. खालचा बॉबिनचा आणि वरचा रिळाचा. ताण नीट बसला की मशीनकडे लक्षच जात नाही, नुसतं शिवण पुढे सरकत जातं. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही मॅनिया, म्हणजे मन तसं वर उडणं, आलेला नाही. मन दोनदा खाली गेलं, पण उठून स्वयंपाक करण्याइतकी ताकद राहिली. आत्महत्येचा विचार या गोळीनं कमी होतो हे अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसलेलं आहे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. माझ्यापुरतं ते खरं ठरलं.

लोकांना वाटतं मानसिक आजाराच्या सगळ्या गोळ्यांनी माणूस गुंगीत राहतो. लिथियमनं मला तसं केलं नाही. २०१२ मध्ये आधी ओलान्झापिन दिलं होतं, त्यानं मी दिवसाही पेंगायची आणि सहा महिन्यांत अकरा किलो वाढले. सोडियम व्हॅल्प्रोएटवर असताना कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. ती गोळी पोटातल्या बाळाला फार धोक्याची असते, त्यामुळे मूल व्हायचं असलेल्या बायकांनी तिच्याबद्दल आणि लिथियमबद्दलही दिवस जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. ही औषधं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही, माझ्या नात्यातली एक मुलगी ओलान्झापिनवरच उभी राहिली. मला लिथियम मानवलं, एवढंच.

माझ्या मुलानं शाळेत असताना विचारलं होतं, "आई, हे मोबाइलच्या बॅटरीतलंच का गं?" हो, मूलद्रव्य तेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे एका तऱ्हेचं मीठच आहे, दगडात सापडतं, आणि १९४९ साली जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी मॅनियाच्या पेशंटना त्याचा गुण येतो हे छापून आणलं. मीठ हा शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेला. तोच धरून ठेवायला हवा होता.

आता त्रास. पहिला हाताचा, कारण माझं पोट हातावर आहे.

कंप बारीक असतो. हात मांडीवर असला की दिसत नाही. काही धरायला पुढे केला की बोटांची टोकं थरथरतात. बशीत कप किणकिणतो, म्हणून मी पाहुण्यांसमोर पेल्यातून चहा घेते. खरी अडचण सुईत दोरा ओवताना होते. दोऱ्याचं टोक ओठात ओलं करून सरळ केलं, सुई उजेडाकडे धरली, टोक अगदी नेढ्यासमोर नेलं की ते नेढ्याच्या डाव्या बाजूला जातं, मग उजव्या. तुम्ही श्वास धरता तर जास्तच हलतं. पाच-सहा वेळा झालं की दोऱ्याचं टोक फिसकटतं, मग कात्रीनं कापा, परत ओलं करा. मी दहा मिनिटं एका दोऱ्याला लावलेली आहेत, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना. मशीनवर मात्र कंप जाणवत नाही, कापडावर दोन्ही हात टेकलेले असतात ना. हूक लावणं, काजं, हेम ही हातातली कामं जड जातात. आता भाची रोज सकाळी बारा सुयांमध्ये दोरे ओवून गादीला टोचून ठेवते, पांढऱ्या चार, काळ्या चार, बाकीच्या त्या दिवशीच्या रंगाच्या. कापायचं काम मी सकाळी जेवणाआधी करते, तेव्हा हात सर्वांत स्थिर असतो.

कंपावर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी मिळते. मला दहा मिलिग्रॅमची दिली, निम्मा तरी कमी झाला. दमा असलेल्यांना ती चालत नाही, तेव्हा शेजारणीची घेऊ नका. चहाकॉफीनं कंप वाढतो हे खरं, पण त्यात एक मेख आहे. चहाकॉफीमुळे लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडतं. रोज सहा कप पिणाऱ्यानं एकदम बंद केला तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. मी महिनाभरात हळूहळू सहाचे दोन कप केले आणि डॉक्टरबाईंना सांगून केले.

दुसरा त्रास तहान. साधी नाही, जिभेला कोरड पडून झोपमोड करणारी. पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं, रात्री तीनदा-चारदा. मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायचा जो संदेश शरीराकडून मिळतो तो लिथियममुळे नीट ऐकू येत नाही, असं काहीसं ते आहे. म्हणजे पाणी कमी पिऊन लघवी कमी होत नाही, उलट अंगातलं पाणी आटतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या बायका बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी एसटीनं पुण्याला जाणं सोडलं, रेल्वेनं जाते, डब्यात सोय असते. आधी दिवसातून तीन वेळा गोळ्या होत्या, मग डॉक्टरबाईंनी सगळा डोस रात्री एकदाच केला आणि पोटात हळूहळू सुटणारी चारशे मिलिग्रॅमची गोळी दिली, दोन. त्यानंतर रात्रीचं उठणं चारावरून दोनावर आलं. तहानेला सरबत किंवा कोल्ड्रिंक घेऊ नका. पहिल्या वर्षी माझं वजन वाढलं त्यात गोळीइतकाच वाटा रसनाच्या सरबताचा होता. आता पाणी आणि ताक.

थायरॉइडचं थोडक्यात. २०१८ मध्ये थंडी सोसेना, केस रुक्ष झाले, मला वाटलं मन परत खाली चाललं. निघालं थायरॉइड. लिथियमवर असलेल्या बायकांत हे बऱ्यापैकी होतं. सकाळी उपाशीपोटी पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत ठीक. मन खाली गेल्यासारखं वाटलं तर आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. तोंडाला धातूची चव आणि पहिल्या पंधरा दिवसांतली मळमळ आपोआप गेली, जेवणावर घेतली की होत नाही.

आता २०१९ चं नवरात्र.

महापुराचं वर्ष ते. ऑगस्टमध्ये सांगली पाण्यात, लोकांची घरं गेली, ब्लाउज कोण शिवून घेणार? महिनाभर काम ठप्प होतं. मग घट बसायच्या सुमाराला सगळं एकदम अंगावर आलं. मी बारा-बारा तास मशीनवर. कंबर धरली. आणि त्यात नऊ दिवसांचे उपवास, देवीला बोलले होते की घर पाण्यातून वाचलं तर अळणी करीन. दुपारी वरीचे तांदूळ बिनमिठाचे, रात्री एक केळं. कामाच्या नादात पाणीही कमी. कंबरेला एका दवाखान्यात गोळ्या लिहून दिल्या, दिवसाला दोन, आठवडाभर. लिथियम चालू आहे हे मी सांगितलं होतं. "काही होत नाही," म्हणाले.

सहाव्या दिवशी जुलाब लागले. सातव्या दिवशी हाताचा कंप वेगळा झाला. बारीक राहिला नाही, हात झटके दिल्यासारखा उडायला लागला. कात्री हातातून सुटून पायाशी पडली. भाची म्हणाली, "मावशी, तू असं का बोलतेस?" माझी जीभ जड झाली होती, शब्द चावल्यासारखे येत होते. उठले तर भिंत धरल्याशिवाय चालता येईना. शेजारीण म्हणाली देवी आली असेल. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही, रिक्षात घालून नेलं आणि सोबत गोळ्यांचं पाकीट घेतलं. त्या पाकिटामुळे तिथल्या ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरला लगेच कळलं. रक्तात लिथियम १.९. माझं नेहमीचं असतं ०.७.

नंतर डॉक्टरबाईंनी खाटेवर बसून समजावलं, ते असं: मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम यांतला फरक फारसा कळत नाही. अंगात मीठ आणि पाणी कमी पडलं की ते मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या की लिथियम बाहेर पडणं आणखी मंदावतं. मी उपवास, अळणी, कमी पाणी, जुलाब आणि कंबरेच्या गोळ्या असं सगळं एकाच आठवड्यात केलं होतं. तीन दिवस सलाइन, लिथियम बंद, दर काही तासांनी रक्त. पातळी याहून बरीच जास्त असती तर डायलिसिसही लागू शकलं असतं. चाल पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले.

मला राग आला होता, अजून येतो. सहा वर्षांत मीठ आणि दुखण्याच्या गोळ्या यांबद्दल कुणी मला बसवून सांगितलं नव्हतं. पाकिटातल्या कागदावर बारीक इंग्रजी. औषधाच्या दुकानात तर एकदा हळू सुटणाऱ्या चारशेऐवजी साधी तीनशेची दिली, "एकच आहे हो ते" म्हणून. एकच नाही. आता मी पाकिटावरचं नाव, आकडा आणि अक्षरं मोबाइलमधल्या जुन्या फोटोशी ताडून मगच पैसे देते. हळू सुटणारी गोळी कुटायची किंवा चावायची नसते, हेही तिथेच सांगायला हवं.

आता उपवास करत नाही. देवीसमोर नऊ दिवस दिवा लावते. मीठ आहे तेवढंच ठेवते, कमी नाही आणि जास्तही नाही. मीठ एकदम वाढवलं तर लिथियम उतरतं. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. उलट्या-जुलाब किंवा ताप असला की त्याच दिवशी डॉक्टरबाईंना फोन. पर्समध्ये एक कार्ड आहे, मुलानं मराठीत टाइप करून लॅमिनेट केलेलं: मी लिथियम घेते, दुखण्यावरच्या अमुक गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या मला विचारल्याशिवाय देऊ नयेत, हात उडणं, जीभ जड होणं, तोल जाणं दिसलं तर रक्तातलं लिथियम तपासा. दाताच्या डॉक्टरांनी ते कार्ड वाचून चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली.

रक्ताच्या तपासणीबद्दल. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. मी रात्री नऊला घेते, सकाळी नऊला हात पुढे. सकाळी घेऊन लगेच दिलं तर आकडा फसवा येतो. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊ देऊ नका. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे घातलेलं असतं त्यातच बहुधा लिथियम असतं, आणि आकडा उगाच वाढून येतो. माझं एकदा २.४ आलं होतं, मी धडधाकट उभी असताना. नळी बदलून पुन्हा केलं तर ०.६. आमच्याकडचं रक्त बाहेरगावी पाठवतात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. सोबत दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंड कसं चाललंय ते कळतं), टीएसएच आणि कॅल्शियम.

गोळी स्वस्त आहे. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, महिन्याच्या गोळ्यांपेक्षा रक्ताची एक तपासणी मला महाग पडते. त्यामुळेच माझ्या ओळखीतल्या दोघी तपासणी टाळतात, गोळी मात्र घेतात. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, दोन महिने साडी घेऊ नका पण रक्त द्या. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं. आणि रात्रीबेरात्री जीव नकोसा झाला तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

गुण द्यायचे तर पाचांत चार. एक हातासाठी कापला.

या जुलैत क्रिएटिनिन १.१ आलं. २०१३ मध्ये ०.७ होतं. बारा वर्षांत मूत्रपिंडावर थोडा भार आलाय. मी विचारलं, आता बंद करायची का? डॉक्टरबाई म्हणाल्या, एकदम तर कधीच नाही, आधी थोडी कमी करून बघू. आठशेवरून सहाशेवर आलोय, साध्या तीनशेच्या दोन, रात्रीच. मला भीती वाटते, लपवत नाही. २०१६ आठवतं. ह्यांच्याशी ठरवलंय की झोप पाच तासांच्या खाली गेली किंवा कापड उधारीवर आणायची भाषा मी केली, तर त्यांनी माझं काही न ऐकता फोन लावायचा. रात्री दहाला मशीनवर झाकण घालायचं काम आता त्यांच्याकडे आहे. काल घातलं तेव्हा एक बाही लावायची राहिली होती. "उद्या," म्हणाले. मी सुई गादीला टोचली आणि गोळ्या घ्यायला पाणी आणायला गेले.